वरवंटाही दूध प्यायला

पत्र: ताई, वय ४३, बँकेत नोकरी, राहणं लोकमान्य नगर, इंदूर. कॉलेजपासून नास्तिक आहे. यंदा आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात ‘विज्ञान आणि अध्यात्म’ असा परिसंवाद होता. एका वक्त्याने पुराणातली विमानं काढली आणि माझं डोकं फिरलं. प्रश्नोत्तरांच्या वेळी उठलो आणि दहा मिनिटं बोललो. चर्चने कोपर्निकसला जाळलं, तसं तुम्हीही आम्हाला जाळाल, असं म्हणालो. हक्सलेने बिशपचं तोंड कसं बंद केलं तेही सांगितलं. निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या, निम्मे ‘बसा खाली’ ओरडले. बाबा (७६, निवृत्त मराठीचे शिक्षक) पहिल्या रांगेत होते, ते उठून निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. बायको म्हणते, तुमचाही आता पंथच झालाय. मी रात्री दोन-दोनपर्यंत देव आणि विज्ञान यांवरच्या जाहीर वादांचे व्हिडिओ बघतो, चिडतो, अंघोळ करताना मनात उत्तरं रचतो. त्या रात्री मुलीने (११) विचारलं, ‘बाबा, तुम्ही जिंकलात की हरलात?’ मला सांगता आलं नाही. अशा ठिकाणी जाणं सोडू का? पण गप्प बसलो तर ती भोंदूगिरीला साथ झाली नाही का? – त्रस्त नास्तिक

त्रस्तराव,

वडिलांचं नंतर बघू, आधी कोपर्निकसचं. त्याला कुणी जाळलं नाही हो. तो १५४३ मध्ये, सत्तरीत, आजारी पडून अंथरुणावर गेला. होता तोही चर्चच्याच पदरी, कॅथेड्रलच्या कारभारी मंडळात. सूर्य मध्ये ठेवणारं त्याचं पुस्तक छापून आलं तेही त्याच वर्षी. रोममध्ये भर चौकात जाळला तो जिओर्दानो ब्रुनो, १६०० मध्ये. ‘जगं असंख्य आहेत’ हे त्याचं मत आरोपांत होतं, पण ख्रिस्ताच्या देवपणावरून वगैरे धर्मशास्त्राच्या इतर भानगडीही भरपूर होत्या. गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाली, ती नजरकैदेची. तीही वाईटच, पण जाळणं वेगळं.

एवढं मोठं चुकीचं विधान तुम्ही भर सभेत केलंत आणि एकाही माणसाने अडवलं नाही. तुमच्या बाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या, समोरच्यांनी खाली बसायला सांगितलं. कोपर्निकसचं काय झालं याच्याशी दोघांनाही घेणंदेणं नव्हतं. विमानवाल्या वक्त्याचंही तसंच खपून गेलं असणार.

हक्सलेची गोष्ट तर मी स्वतः वर्गात वीस वर्षं तिखटमीठ लावून सांगितली आहे. ३० जून १८६०, ऑक्सफर्ड, डार्विनच्या उत्क्रांतिवादावर वाद, त्याच्या बाजूने जीवशास्त्रज्ञ हक्सले; बिशप विल्बरफोर्स विचारतो, माकडाशी तुमचं नातं आजोबांकडून की आजीकडून, आणि हक्सले त्याला असा काही टोला हाणतो की बस! निवृत्तीनंतर नीट वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं, त्या सभेचं शब्दशः टिपण कुणी ठेवलेलंच नाही. आपण फेकतो ती वाक्यं बरीचशी पुष्कळ वर्षांनंतरच्या आठवणींतून आलेली. ज्याच्यावरून भांडण, तो डार्विन आजारपणामुळे तिथे नव्हताच. त्याचा मित्र हूकर याने त्याला पत्र पाठवून कळवलं की हक्सलेचा आवाज सभागृहाला पुरला नाही, बिशपला खरं लोळवलं ते मी. आणि बिशपसाहेब? आपण हक्सलेला चांगलाच चोपला, अशाच समजुतीत ते होते. एक सभा आणि तीन विजेते. तुमच्या मुलीने तिचा प्रश्न तिथे विचारला असता तर तिला तीन उत्तरं मिळाली असती.

आता तुम्हाला वाटेल, ताई देवळाच्या बाजूच्या दिसतात. मी तुमच्याहून जुनी नास्तिक आहे. म्हणून तर माझी एक गोष्ट सांगते. माझ्या शहाणपणाची मुळीच नाही.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध प्यायला तो दिवस. तुम्ही तेव्हा शाळकरी असाल. आम्ही रामबागेत राहायचो, मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची आणि माझी शाळा दुपारची होती. कोपऱ्यावरच्या डेअरीत अकराच्या आत दूध संपलं. सासूबाई देवळातून आल्या, हातात रिकामी वाटी. चेहऱ्यावर असा उजेड मी त्यांच्या कधी बघितला नव्हता. ‘प्यायला गं! घोट घोट प्यायला!’

माझ्या डोक्यात लगेच पृष्ठताण. पाट्यावरचा वरवंटा उचलला, ओट्यावर उभा केला, चमचा काठोकाठ भरला, वरवंट्याच्या कडेला टेकवला आणि जरासा कलता केला. दूध गेलं! चमच्यातल्या दुधाला दगड लागला की ते दगडाकडे ओढलं जातं आणि मग पातळ थर होऊन खाली ओघळतं. संगमरवरी मूर्तीवर पांढऱ्यावर पांढरं, म्हणून दिसत नाही. काळ्या वरवंट्यावर स्पष्ट दिसत होतं. (दिल्लीत केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनीही हेच केलं होतं, दुधात रंग घालून. रंगीत ओघळ मूर्तीच्या अंगावरून उतरताना सगळ्यांना दिसला.) आमच्याकडे शेजारच्या चार बायका जमल्या होत्या. मी म्हटलं, ‘बघा, आमचा वरवंटाही दूध पितो!’ हशा पिकला. मी खूश.

सासूबाई मागे देवघराच्या दाराशी उभ्या होत्या. वाद नाही, रागावणं नाही. सगळ्या गेल्यावर त्यांनी वरवंटा धुऊन ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘चटणी आज मिक्सरमध्ये करू का मग?’

दुपारी नववीच्या वर्गात गेले, तर मुलं दप्तरं ठेवायच्या आत ओरडली, ‘मॅडम, कसं काय?’ मग तोच प्रयोग. दूध, चमचा, काचेची बरणी, खडू, कुणाचा तरी कंपास. खडू खरंच पितो, कारण त्याला बारीक छिद्रं असतात. बरणीवरून नुसतं ओघळतं. मग एका पोराने विचारलं, ‘मूर्तीचा दगड खडूसारखा असेल तर?’ काय प्रश्न आहे बघा! चाळीस मिनिटांचा तास, घंटा झाली तरी कुणी उठेना.

पुढची चार वर्षं सासूबाईंनी मला देवळातलं काही म्हणजे काही सांगितलं नाही. कुणाचं कीर्तन झालं, प्रसादाला काय होतं, एवढंही नाही. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मी रजेवर होते, आणि एका दुपारी लसूण सोलता सोलता त्यांनी विचारलं, ‘ते दूध खरंच खाली ओघळत होतं का गं?’ मी उठले, वाटीत दूध घेतलं, चिमूटभर हळद घातली. देवघरातला पांढरा गणपती त्यांनीच आणून ओट्यावर ठेवला. चमचा सोंडेला टेकवला. सोंडेवरून पोटावर पिवळी रेघ उतरली. त्या नव्या डोळ्याने वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘अस्सं.’ मग गणपती धुतला, पुसला, जागेवर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘त्या दिवशी मला कुठे दाखवलंस? तू शेजारणींना दाखवत होतीस.’

आता सांगा त्रस्तराव, त्या परिसंवादात तुम्ही कुणाला सांगत होतात? वक्त्याला तर नाहीच; त्याला पटवायचं असतं तर कोपर्निकस कशाला काढला असता? वडील पहिल्या रांगेत, तुम्ही मागून, त्यांच्या डोक्यावरून. तुमचे कान मागच्या टाळ्यांकडे लागले होते. मी ओळखते, कारण माझेही चार शेजारणींकडे लागले होते.

तुम्ही विचारलंय, जाऊ की नको. जा की! पण दहा मिनिटं बोलू नका, अर्ध्या मिनिटात प्रश्न विचारा. विमानांचंच घ्या. हा दावा काही आपल्या कॉलनीचा शोध नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्येसुद्धा प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झालं होतं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ घेऊन काम केलं होतं. आधी त्यांनी पोथीचा माग काढला. भाषा तपासली, छंद तपासले, हस्तलिखितं कुणाकडून कुणाकडे गेली ते शोधलं, आणि ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे अशा निष्कर्षाला आले. मग त्यातल्या यानांची मापं मांडून हिशेब केला, ती उडूच शकत नाहीत असं दाखवलं. ग्रंथातली ती झोकदार चित्रंही बंगळुरूच्याच एका ड्राफ्ट्समनकडून काढून घेतलेली. हे सगळं त्यांनी शिवी न देता केलं, म्हणून आजही उपयोगी पडतं. तेव्हा पुढच्या वेळी उठा आणि विचारा: ग्रंथ कोणता, पोथी कोणत्या काळची, चित्रं कुणी काढली? आणि बसा. वक्त्याला उत्तर देता आलं नाही तर ते सगळ्यांना दिसेल, आणि दिलं तर तुम्हाला काही नवीन कळेल. तुमच्या त्या भाषणाने त्याची सुटका केली बघा. त्याला ग्रंथाबद्दल कुणी विचारलंच नाही, सगळी चर्चा तुमच्या तोंडाळपणावर गेली.

राहिलं गप्प बसण्याचं. गप्प बसायचं नाहीच, पण कुठे बोलायचं ते बघा. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर मिळून ‘विवेकजागराचा वादसंवाद’ असे कार्यक्रम करायचे. लागूंचं म्हणणं उघड, देव ही कल्पनाच आता रिटायर करा. दाभोलकर म्हणायचे, आमची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाच्या किंवा धर्माच्या विरोधात नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीच्या विरोधात आहे. एकाच मंचावर बसून दोघांचा आपसांतला मतभेद लोकांसमोर! वाद असा असेल तर मी पदरचं भाडं खर्चून ऐकायला जाईन. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. ज्याच्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात त्यानंतर झाला. तो वाचा. देव आहे की नाही याबद्दल त्यात अवाक्षर नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसलात तर गुन्हा, अशी एकेक कृत्यं मोजून दिली आहेत. तो कायदा आपल्या इंदुरात लागू नाही, पण चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा केंद्राचा कायदा इथेही आहे.

आमच्या कामवाल्या बाईंच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली. गळ्यात ती माळ, जी रोज लांबते आणि लांबली म्हणजे कावीळ उतरली असं म्हणतात. ओल्या काड्यांची माळ ती, काड्या सुकून बारीक झाल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. पोराच्या डोळ्यांचा रंग बघून माझ्या पोटात गोळा आला. मी देवावर बोलले नाही, माळेवर बोलले नाही. रिक्षा बोलावली, सोबत गेले, रक्त तपासून घेतलं. डॉक्टरांनी माळेकडे बघून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, राहू द्या म्हणून. पोरगं बरं झालं. महिनाभराने बाईंनीच विचारलं, ‘दीदी, वो माला बढ़ी कैसे?’ तेव्हा सांगितलं. कढीपत्त्याच्या काड्यांची एक करूनही दाखवली, आता ती मोरीच्या खिळ्याला लोंबतेय.

तुमच्या बायकोचा टोमणा मला आवडला, तो नीट तपासून बघा. ४ फेब्रुवारी २०१४ ला अमेरिकेत केंटकी राज्यात एक गाजलेला जाहीर वाद झाला. सृष्टी बायबलमध्ये लिहिल्याप्रमाणेच झाली म्हणणारे केन हॅम एका बाजूला, विज्ञानाचे कार्यक्रम करणारे बिल नाय दुसऱ्या बाजूला. अडीच तास चालला. तुम्ही रात्री दोनपर्यंत जागता म्हणजे बघितला असेलच. त्यात सगळ्यात कामाचा प्रश्न प्रेक्षकांतून आला: तुमचं मत कशाने बदलेल? हॅम यांचा मथितार्थ असा, की बायबल खरं नाही हे मला कुणीच पटवू शकणार नाही. नाय म्हणाले, पुरावा द्या, एक पुरेल. हे ऐकून तुम्ही पलंगावर बसल्या बसल्या टाळी दिली असेल. पण कोपर्निकसबद्दलचा पुरावा मी आत्ता वर दिलाय, त्रस्तराव. तो वाचून मनात पहिलं काय आलं? ‘तपशील चुकला, पण मुद्दा बरोबरच होता’ असं आलं असेल, तर बायकोसमोर जरा जपून.

ते व्हिडिओ बंद करा म्हणून सांगत नाही, तुम्ही करणार नाही. एक करा. बघताना वही जवळ ठेवा आणि आपल्या बाजूच्या माणसाचं जे वाक्य ऐकून ‘वा!’ म्हणालात तेवढंच लिहा. समोरच्याचं नको. सकाळी चहाबरोबर ते खरं आहे का तपासा. आठवडाभरात झोप सुधारेल, कारण रात्री दोनला सकाळच्या गृहपाठाची आठवण झाली की माणूस फोन ठेवतो. चाळीस वर्षं मुलं बघितली आहेत मी.

आणि सगळे भाविक एका मापाचे समजू नका. आमच्या वरच्या मजल्यावर कॅटमधून, म्हणजे इथल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून, निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. इंडस-२ च्या त्या पावणेदोनशे मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरते ठेवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दर संकष्टीला खजराण्याच्या गणपतीला जातात. बीम आरतीने स्थिर होत नाही हे त्यांना तुमच्या-माझ्याहून चांगलं माहीत आहे. विश्व एका बिंदूपासून सुरू झालं असावं ही कल्पना मांडणारा लमेत्र तर चक्क पाद्री होता. १९५१ मध्ये पोपने त्या सिद्धांताचा देवाच्या बाजूने हवाला दिला, तेव्हा सगळ्यात जास्त अवघडला तो लमेत्रच.

तुम्ही लिहिलं नाही, पण घरी आरतीच्या वेळी तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहत असणार. मीही राहायची. आता नाही राहत. देव मानत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, ते दर संध्याकाळी पुन्हा जाहीर करायची काय गरज? मी प्रसादाची वाटी धरते. आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री जेल रोडच्या कडेला सतरंजी टाकून झांक्या, म्हणजे गिरणी कामगारांच्या मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, बघते, दरवर्षी. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांचे पैसे वर्षानुवर्षं अडकले, तरी तिची झांकी निघत राहिली. ते बघून मला जे होतं त्याला नाव काय द्यायचं ते माझं मी बघेन, पण त्याला खोटं म्हणणार नाही.

मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय. तिला सांगा, ‘हरलो. मी एक गोष्ट चुकीची सांगितली आणि कुणाच्या लक्षात आली नाही.’ तिला हे जाम आवडेल, बाबा चुकलेले मुलांना आवडतात. देव आहे का असं तिने विचारलं, तर तुम्हाला काय वाटतं ते सांगा आणि आजोबांना काय वाटतं ते आजोबांनाच विचारायला सांगा. आणि पुढच्या २१ जूनला तिघं उज्जैनला जा. वेधशाळेत दुपारी १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास सावली जवळजवळ नाहीशी होते. ती वेधशाळा बांधणाऱ्या सवाई जयसिंहाने अश्वमेधही केला होता, त्यावर बाप-लेकांनी गाडीत हवा तेवढा वाद घालावा.

पण जून लांब आहे. या आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरींना एक चिठ्ठी लिहा. ‘परिसंवादात मी कोपर्निकसला जाळल्याचं म्हणालो, ते चूक होतं, तो १५४३ मध्ये आजाराने वारला, कृपया फलकावर लावावं.’ विमानांबद्दल माघार नको, त्याची माफीही नको, ‘भावना दुखावल्या असल्यास’ वगैरे तर अजिबात नको. फक्त एवढंच. आणि चिठ्ठी द्यायच्या आधी वडिलांपुढे ठेवा, म्हणा, ‘बाबा, जरा शुद्धलेखन बघता का?’ मराठीचे शिक्षक आहेत ते, लाल पेन शोधायला स्वतःच उठतील. एखादी वेलांटी मुद्दाम चुकवून ठेवलीत तरी चालेल.